सागाच्या रानात गुरं सोडावीत का?

मुरमाड (धागाकर्ता) · मार्च

नमस्कार मंडळी. राहायला पुण्यात कोथरूडला, रान मुळशीत पौडच्या पुढे. शनिवार-रविवारचा शेतकरी म्हणा, राग नाही. २०११ साली ४ एकर मुरमाड उतारावर साग लावला, ८ बाय ८ फुटांवर, म्हणजे एकरी ६८० च्या आसपास. नर्सरीवाल्याने २० वर्षांचा हिशेब एका कागदावर करून दिला होता. तो कागद अजून कपाटात आहे. अधूनमधून काढून हसतो.

आजची स्थिती अशी. खालच्या अंगाला ओघळीजवळ माती आहे, तिथली झाडं बरी आहेत. छातीच्या उंचीवर घेर २२ ते २४ इंच. वरच्या अंगाला मात्र मनगटाएवढी. आणि मधे सगळं गवत. दसऱ्याला कमरेला लागतं, दिवाळीनंतर पिवळं पडतं, शिमग्यापर्यंत नुसतं सरपण होऊन उभं असतं.

होळीनंतर चौथ्या दिवशी डोंगरावरून वणवा उतरला. रात्री साडेनऊला शेजारच्या आबांचा फोन. मी पोचेपर्यंत अकरा वाजले, तोवर तीन एकरांतून जाळ फिरून गेला होता. आबा, त्यांचा मुलगा आणि वाडीतली चार पोरं हिरव्या डहाळ्यांनी झोडपत होती. सकाळी बुंधे बघितले. प्रत्येक झाडाला उताराच्या वरच्या बाजूने काळी जीभ, गुडघ्यापर्यंत, कुठे मांडीपर्यंत. पाला घरंगळत येऊन बुंध्याला तिथेच अडतो ना, तिथेच जास्त जळलं. नखाने साल उचकटली तर काही झाडांची आतून ओली, पांढरी. काहींची खाली तपकिरी, उकडलेल्या बटाट्यासारखी.

आबांची बारा गुरं आहेत. नऊ गावठी गाई, दोन बैल, एक म्हैस. विझवून झाल्यावर बांधावर बसून ते जे बोलले ते तसंच लिहितो: "सायेब, चौदा वर्सं तार मारून गवत राखलंत. कुनासाठी? जाळासाठी?"

तर प्रश्न सरळ आहे. आबांची गुरं सागात चरायला सोडावीत का? झाडांचं नुकसान किती होतं? कधी सोडायची, कधी नाही? माझ्या बरोबरीने प्लॉट घेतलेले दोघं मित्र म्हणतात, गुरं म्हणजे झाडांचा काळ. आबा म्हणतात, सागाला जनावर तोंड लावत नाही. कुणाचं ऐकू?

टवाळ · मार्च

दोघांचंही ऐका आणि निर्णय म्हशीवर सोडा.

(बाकी चर्चा वाचतोय. पॉपकॉर्न नाही, शेंगा घेऊन बसलोय.)

माजी वनपाल · मार्च

आबा बरोबर आहेत, मित्रही बरोबर आहेत. दोघं वेगवेगळ्या वयाच्या झाडांबद्दल बोलतायत.

सागाचं पान खरखरीत. गुरं उपाशी असल्याशिवाय खात नाहीत. शिवण लावला असतात तर गोष्ट वेगळी होती. शिवणीचा पाला जनावराला गोड लागतो, एका दुपारी शेंडे साफ. पण खाणं हा नुकसानीचा एक भाग झाला. पहिल्या तीन-चार वर्षांत रोप तुडवलं जातं, मोडतं, शेंडा मोडला की दोन शेंडे फुटतात आणि तुमचा सोट गेला. नंतर अंग घासणं. म्हशीला खाज सुटली की मनगटाएवढं झाड ती आडवं करते. म्हणून वय विचारू नका, घेर मोजा. ब्राझीलमध्ये निलगिरीच्या ओळींत गुरं सोडतात, तिथे छातीच्या उंचीवर खोडाचा व्यास ६ सेंटीमीटर झाला की आत घेतात. म्हणजे घेर साधारण साडेसात इंच. तुमच्या ओघळीजवळच्या झाडांनी तो टप्पा केव्हाच ओलांडलाय. वरच्या अंगाला नाही. म्हणजे सरसकट ४ एकर उघडू नका.

आता कडू गोळी. १४ वर्षांच्या सागात कमरेएवढं गवत येतं याचा अर्थ तुमच्या सागाची सावली जमिनीवर पडतच नाही. साग जमला असता तर ८ बाय ८ मध्ये सातव्या-आठव्या वर्षीच छत मिटलं असतं आणि खाली गवताची काडी राहिली नसती. सागाची खोड अशी आहे की तो उजेड देतो तेव्हा गवताला पाणी नसतं, आणि पाणी असतं तेव्हा तो छत्री उघडतो. जानेवारी ते मे उघडा बोडका, जून ते ऑक्टोबर गच्च. म्हणून जिथे झाडं चांगली तिथे चारा नाही, जिथे चारा तिथे झाडं नाहीत. तुमच्या रानात दोन वेगळी रानं आहेत, ती आधी मनात वेगळी करा.

चांगल्या भागात विरळणी करा. वाकडी, दबलेली, जळून बुंधा उकडलेली झाडं काढा. एकरी ६८० वर साग कधीच जाड होत नाही, सगळी एकमेकांना उपाशी ठेवतात. पण परवानगीशिवाय कुऱ्हाड लावू नका. महाराष्ट्र वृक्षतोड (विनियमन) अधिनियम, १९६४ खाली साग अनुसूचित वृक्ष आहे. स्वतःच्या मालकीचा असला तरी तोडायला परवानगी, आणि न्यायला वाहतूक परवाना. सातबाऱ्यावर झाडांची नोंद आहे का? नसेल तर तलाठ्याकडे पहिली फेरी तीच.

मुरमाड (धागाकर्ता) · मार्च

वनपाल साहेब, गोळी गिळली. सातबाऱ्यावर "साग झाडे" असं लिहिलंय, आकडा नाही. जळालेला बुंधा पुढे बरा होतो का?

माजी वनपाल · मार्च

साल जिवंत असेल तर कडेने भरून येतं, पण आत डाग राहतो आणि कधी पोकळ होतो. दुःख असं की डाग पडतो तो पहिल्या सात-आठ फुटांत, आणि किंमत असते ती त्याच सात-आठ फुटांची. व्यापारी काय करतो माहितीये ना? दोरीने घेर घेतो, दोरीची चार घडी घालतो, त्या घडीचा वर्ग आणि गुणिले लांबी. २४ इंच घेर म्हणजे घडी ६ इंचांची, अर्धा फूट. १० फूट ओंडका. पाव गुणिले दहा, अडीच घनफूट. ओंडका गोल असतो, त्यामुळे खरं लाकूड तीन घनफुटांच्या वर भरतं, पण बाजाराचा रिवाज असा. त्यातून साल वजा, त्यातून पांढरं लाकूड बाजूला. १४ वर्षांच्या सागात पांढरंच जास्त.

सासवडी · मार्च

त्या कपाटातल्या कागदाची धाकटी भावंडं माझ्याकडेही आहेत. नव्वदच्या दशकात वडिलांनी एका सागवान योजनेत पैसे घातले. छापील प्रमाणपत्र, त्यावर हिरव्यागार झाडाचं चित्र, वीस वर्षांनी लाखो. झाड कुठे आहे ते दाखवायला एकदा बसने नेलं, वाटेत जेवण. मग कंपनीचं ऑफिस बंद. अशा योजनांचं पेव फुटलं होतं म्हणून तर सेबीला १९९९ मध्ये सामूहिक गुंतवणूक योजनांसाठी नियम करावे लागले. वडिलांचे पैसे अर्थातच त्याआधी गेले.

हे विषयांतर नाही. त्या माहितीपत्रकात गवत नव्हतं, गुरं नव्हती, वणवा नव्हता, मजूर नव्हता. नुसतं झाड आणि त्याच्यापुढे आकडा. आज तीच पत्रकं महोगनीच्या नावाने मोबाईलवर येतात. "एकरी कोटी." जो माणूस लाकडाचा हिशेब सांगताना गवताचं काय करायचं ते सांगत नाही, त्याने रान बघितलेलं नाही.

गोठ्यातून · मार्च

जनावरांचा डॉक्टर आहे, म्हणून गुरांच्या बाजूने लिहितो. इथे सगळे झाडांचेच वकील दिसतायत.

आधी आकडेमोड. मुरमाड उतारावर दिवाळीनंतर एकरी टनभर वाळलेलं गवत धरू, ४ एकरांत ४ टन. त्यातलं निम्मं रानात राहिलं पाहिजे, नाहीतर पुढच्या पावसात माती जाईल. उरलं २ टन. गावठी गाय ३०० किलोची धरली तर रोज साडेसात किलो कोरडा चारा खाते. बारा गुरं, रोज ९० किलो. २ टन भागिले ९०, म्हणजे बावीस दिवस. आबांचा वर्षाचा चाऱ्याचा प्रश्न तुमच्या रानाने सुटत नाही, महिनासुद्धा निघत नाही. पण तुमचा वणव्याचा प्रश्न बावीस दिवसांत बराचसा सुटू शकतो. या सौद्यात गरज कुणाची जास्त आहे, ते ओळखून बोला. आबांकडून चराईचे पैसे मागायला जाऊ नका.

दुसरं, रानातलं कुसळी गवत. कुसळी वाळली की तिच्यात राम नाही. प्रथिनं तीन-चार टक्के, आणि कुसळं हिरड्यांत, जिभेखाली घुसतात. तोंडात फोड, लाळ, मालकाला वाटतं लाळ्या-खुरकूत. चारा म्हणून तिची खरी वेळ फुलोऱ्याची, सप्टेंबर-ऑक्टोबर. पण मुळशीत तेव्हा जमीन ओली. ओल्या मुरमावर बारा गुरं फिरली की खुरांनी माती थापली जाते आणि उघड्या मुळांची साल सोलते. म्हणून तेव्हा विळ्याने कापा, आणि नोव्हेंबरात जमीन सुकली की गुरं सोडा. कापणीही हवी आणि चराईही.

तिसरं, आणि हे ठळक समजा: घाणेरी. टणटणी म्हणा. सागाच्या रानात बांधाबांधाने असतेच. गुरं एरवी टाळतात, पण नवीन जागी आलेलं, भुकेलं जनावर खातं. यकृत धरतं, कावीळ होते, उन्हात उभं राहिलं की नाकपुड्या आणि कासेची कातडी सोलून निघते. गुरं सोडण्याआधी घाणेरी मुळासकट काढा आणि पहिले चार दिवस गुरं घरून निदान अर्धं पोट भरूनच येऊ द्या.

गोचीड आहेच. आबांच्या गावठी गाईंना एक वेळ चालेल. उद्या कुणी एचएफ (होल्स्टीन) संकरित आणून रानात सोडली तर गोचिडांमुळे होणाऱ्या थायलेरिया रोगाचं बिल लाकडाच्या बिलाआधी येईल.

टवाळ · मार्च

कॅल्क्युलेटर काढून बसलेला डॉक्टर पहिल्यांदाच बघितला. आमचा नुसता "बघू" म्हणतो.

रोटोरुआतून · मार्च

मूळची निगडीची, आता न्यूझीलंडमध्ये. इथे हा प्रयोग मोठ्या हौसेने झाला होता, म्हणून लिहिते. रोटोरुआजवळ टिकिटेरे इथे १९७३ मध्ये चराऊ कुरणावर रेडिएटा पाइन लावून पाहिला. हेक्टरी ५०, १००, २०० आणि ४०० झाडं, आणि शेजारी बिनझाडाचं कुरण, तुलनेला. कल्पना अशी की खाली मेंढ्या-गुरं आणि वर लाकूड, दोन्हीकडून पैसा.

झालं काय? झाडं वाढत गेली तसं गवत कमी होत गेलं. दाट लावलेल्या भागात तर झाडं मोठी होईतो कुरण उरलंच नाही. सावलीपेक्षाही, वरून पडणाऱ्या सुया आणि छाटलेल्या फांद्यांनी गवत झाकून टाकलं. विरळ भागात गवत टिकलं, पण तिथल्या झाडांनी ऐसपैस फांद्या काढल्या. म्हणजे लाकडात गाठीच गाठी. फांद्या वेळेवर छाटायच्या तर मजुरी. इथल्या शेतकऱ्यांचा उत्साह मग ओसरला.

माझं मत: वीस वर्षं दोन्ही भरपूर, असं होत नाही. गवताचा काळ आधी, लाकडाचा नंतर. मधल्या वर्षांत दोघांनाही थोडं थोडं कमी. जो हे मान्य करून उतरतो तो टिकतो.

अजून एक. इथे मॅक्रोकार्पा नावाचा सायप्रस कुंपणाला असतो. त्याचा पाला गाभण गाईने खाल्ला तर ती गाभडते, म्हणजे गर्भ टाकते, हे इथल्या शेतकऱ्यांच्या पोरांनाही माहीत आहे. डॉक्टरांनी घाणेरीचं लिहिलंय, तसंच. कुठलं झाड शोभेचं आणि कुठलं गोठ्याजवळ नको, हे गुरं ठेवणाऱ्यालाच विचारावं.

गोठ्यातून · मार्च

ताई, उत्तम माहिती. "गाभडते" हा शब्द किती वर्षांनी वाचला!

दौंडकर · एप्रिल

आमच्याकडे पाऊस तुमच्या निम्मासुद्धा नाही आणि मे महिन्यात एचएफ गाई धापा टाकतात. मी उलट बाजूने गेलो. मुक्तसंचार गोठ्यात पाच वर्षांपूर्वी मेलिया डुबिया लावला, सावलीसाठी आणि पुढे प्लायवूडवाल्याला देता येईल म्हणून. सावली झकास. दुपारी पंखा-फॉगरचा खर्च कमी झाला, दूध उन्हाळ्यात पूर्वीएवढं तुटत नाही.

पण बावीसपैकी सात झाडं मेली, आणि मेली ती सगळ्यात मोठी. कारण गाई दिवसभर त्याच सात झाडांखाली. मूत, शेण, खुरं. जमीन रस्त्यासारखी कडक. पाणी ओतलं तर तासभर साचून राहायचं, खाली उतरायचं नाही. झाडाला पाणी आहे, मुळाला हवा नाही. मग शहाणपण आलं: गोठ्याचे दोन भाग केले, तीन-तीन आठवड्यांनी गाई हलवतो, मोकळ्या भागात कुदळीने माती सैल करतो. तेव्हापासून एकही झाड गेलं नाही.

मुरमाड साहेब, गुरं एका जागी दुपार काढायला बसणार. ती जागा रोज बदला. पाण्याचं टाकं झाडांत ठेवू नका.

उरुळीचा · एप्रिल

सुबाभळीचा कुणी विषय काढला नाही याचं आश्चर्य वाटतं, पुण्याचा धागा आणि सुबाभूळ नाही! आमच्या उरुळी कांचनला मणिभाई देसाईंनी १९६७ मध्ये बायफ ही संस्था उभी केली. संकरित गाई आणि त्यांच्या चाऱ्याला सुबाभूळ, हे दोन्ही इथूनच गावोगाव गेलं. लाकूडही, पालाही, नत्रही. माझ्या लहानपणी प्रत्येक बांधावर होती.

फायदा खरा. त्रासही खरा. पाल्यात मिमोसिन नावाचं विषारी द्रव्य असतं, जास्त खाऊ घातला की जनावराचे केस गळतात, गलगंड होतो. हिरव्या चाऱ्याच्या तिसऱ्या हिश्श्यापेक्षा कमीच ठेवायचा. ऑस्ट्रेलियात हाच त्रास होता आणि हवाईतल्या शेळ्यांना मात्र होत नव्हता. त्यांच्या पोटातला एक जंतू मिमोसिनचं विष पचवतो हे कळल्यावर तो जंतू ऐंशीच्या दशकात ऑस्ट्रेलियातल्या गुरांच्या पोटात सोडला आणि प्रश्न बराचसा मिटला. झाडाचा दोष जनावराच्या पोटात दुरुस्त केला!

आणि बी पडतं हे विसरू नका. एकदा बांधावर लावली की तीन वर्षांत वाफ्यात. गाजर गवतानंतर पुण्याने जगाला... असो. (गाजर गवत भारतात पसरू लागल्याची पहिली नोंद आपल्या पुण्यातली, पन्नासच्या दशकातली. अभिमान कशाकशाचा बाळगावा.)

काठी घोंगडी · एप्रिल

बरंच वाचलं. एक गोष्ट खटकली. सगळे गुरांना "सोडायची" म्हणतायत, जणू गुरं पाहुणी आहेत. तुमच्या ४ एकरांवर २०११ च्या आधी कोण चारत होतं, ते आबांना विचारा. तार पडली तेव्हा त्यांची गुरं कुठे गेली? डोंगरावर. डोंगरावर वनखात्याचं रोपवन, तिथे चराईबंदी. मग रस्त्याच्या कडेला. आम्ही मेंढरं घेऊन दरवर्षी दिवाळीनंतर खाली उतरतो, दरवर्षी एखादी वाट बंद झालेली असते. आधी ऊस, मग तार, आता फार्महाऊस.

हिवरे बाजारसारख्या गावाने चराईबंदी केली, पण गवत कापून न्यायला मोकळीक ठेवली, आणि ठरवलं ते ग्रामसभेने. एका माणसाने तार मारणं आणि गावाने ठरवून राखणं यात फरक आहे. २००६ च्या वनहक्क कायद्यात चराई हा सामूहिक हक्क म्हणून लिहिलाय, फिरत्या पशुपालकांसकट. तुमचं रान खासगी आहे, कायदा तिथे लागत नाही. पण आबांशी बोलताना हे डोक्यात असू द्या.

आणि वणवा कोण लावतं यावर पुढे भांडण होणार, म्हणून आधीच सांगतो: गुराख्याला वाळलेल्या चाऱ्याची किंमत तुमच्यापेक्षा जास्त माहीत असते.

माजी वनपाल · एप्रिल

शेवटच्या वाक्याशी पूर्ण सहमत नाही. नवं कोवळं गवत फुटावं म्हणून जाळणारे गुराखी मी पाहिलेत. बिडी टाकणारे सहलवालेही पाहिलेत, भाताच्या रोपांसाठी राब भाजताना हाताबाहेर गेलेली आगही पाहिली. सगळेच आहेत. पण तार आणि वाट याबद्दल तुमचं म्हणणं मान्य. नोकरीत असताना रोपवनातून गुरं हाकलून कोंडवाड्यात घालायचं काम मी केलंय. तीच गुरं दहा वर्षांनी त्याच रोपवनात सोडा म्हणून मीच गावात सांगत फिरलो, कारण जाळरेषा, म्हणजे वणवा अडवणारी साफ पट्टी, काढायला पैसे नव्हते. लोक हसले. हसणारच.

शिरूरची शेती · एप्रिल

मला नव्याने लावायचं आहे, ५ एकर मध्यम जमीन, दोन गाई आणि चार कालवडी. साग नको हे कळलं. मग ओळी कशा धरू?

माजी वनपाल · एप्रिल

चारा हवा असेल तर चौकोनी लागण विसरा. ओळीत दोन मीटर, दोन ओळींत आठ मीटर, म्हणजे एकरी अडीचशेच्या आसपास. सपाट जमिनीवर ओळी पूर्व-पश्चिम, म्हणजे मधल्या पट्ट्याला ऊन मिळतं. उतार असेल तर ते सोडा आणि समपातळीवर धरा, ऊन गेलं तरी चालेल, माती नको जायला. मधे मारवेल गवताचे ठोंब आणि थोडं स्टायलो (शेंगवर्गीय चारा). राहुरी विद्यापीठाचं मिळतं. पहिली तीन वर्षं फक्त कापून न्यायचं. नंतर सौर झटका मशीनची तार लावून पट्टा-पट्टा चारा.

आणि शिरूर आहे, बिबट्या विसरू नका. कालवड रात्री रानात नको.

मुरमाड (धागाकर्ता) · मे

सगळ्यांचे आभार. आबांशी बसून ठरवलं ते असं. वरचं दीड एकर, जिथे झाडं बारीक, तिथे गुरं नाहीत. तिथलं गवत आबा ऑक्टोबरात कापून नेणार, पैसे नाहीत. खालचं अडीच एकर नोव्हेंबर ते जानेवारी चराईला, पट्ट्यापट्ट्याने. बदल्यात डोंगराच्या बाजूची १५ फुटांची पट्टी संक्रांतीपर्यंत साफ ठेवायची. सागाचा पडलेला पाला आबांच्या घरच्या बायका राबासाठी नेणार. म्हशीला परवानगी नाही. हे कलम घालताना वातावरण जरा तंग झालं.

काठी घोंगडी, तुमच्या सांगण्यावरून विचारलं. तार मारली त्या वर्षी आबांनी चार गाई विकल्या होत्या. मला चौदा वर्षांत माहीत नव्हतं.

माजी वनपाल · मे

पाला सगळा नेऊ देऊ नका. मुरमाला तेवढंच खत आहे. बुंध्याभोवतीचा आणि पट्टीतला न्या, बाकी राहू द्या.

मुरमाड (धागाकर्ता) · डिसेंबर

हालहवाल. विरळणीची परवानगी मिळायला दिवाळी उजाडली. मोजणी, खुणा, फेऱ्या. ती कथा वेगळ्या धाग्यात. ऑक्टोबरात वरच्या दीड एकराचं गवत कापलं, पण तीन दिवस पाऊस आला आणि निम्मं काळं पडलं. डॉक्टर, तुमची वेळ बरोबर, मुळशीचं आभाळ चूक.

नोव्हेंबर १२ ला गुरं आत घेतली. दुसऱ्याच दिवशी एका गाभण कालवडीने ओघळीतली घाणेरी खाल्ली. मी सगळी काढली असं समजत होतो, एक जाळी राहिली होती. चौथ्या दिवशी नाकाची कातडी सुटली. अंधाऱ्या गोठ्यात बांधली, तालुक्याच्या डॉक्टरांनी उपचार केले, वाचली. खर्च मी दिला. आबा काही बोलले नाहीत, तेच जास्त लागलं.

झाडांचं म्हणाल तर, मोजून सहा झाडांची साल घासली गेलीय. सहाही बैलांनी.

गोठ्यातून · डिसेंबर

कालवड वाचली हे नशीब. व्यायली की कळवा.

मुरमाड (धागाकर्ता) · मार्च

परवा रात्री पुन्हा आला. तीच वाट, तोच डोंगर. या वेळी आठ वाजता फोन, आणि आबांनी सांगितलं, "सावकाश या."

चराईच्या भागाच्या कडेला येऊन जाळ बसला. खाली जळायला होतंच काय, बोटभर खुंटं आणि शेण. पोरांनी दहा मिनिटांत झोडपून विझवला. पण पूर्वेच्या कोपऱ्यात, जिथे पाऊस लागल्यामुळे गवत कापायचं राहिलं होतं, तिथली ४१ झाडं होरपळली. बारीकच होती. सकाळी मी आणि आबा त्या दोन्हींच्या मधल्या रेषेवर उभे होतो. एका बाजूला राख, दुसऱ्या बाजूला शेणाच्या वाळलेल्या पोवट्या. रेषा इतकी सरळ की दोरी लावून आखल्यासारखी.

सासवडी · मार्च

फोटो टाका ना त्या रेषेचा. आणि वैरण किती निघाली अखेर?

मुरमाड (धागाकर्ता) · मार्च

फोटो काढायचं सुचलं नाही. चराई अठरा दिवस झाली, डॉक्टरांच्या हिशेबापेक्षा चार कमी. कापलेल्या गवताच्या पेंढ्या आबांनी मोजल्या नाहीत. मोजल्या की दृष्ट लागते म्हणे.

टवाळ · मार्च

म्हशीचं काय झालं ते सांगा. आम्ही वर्षभर त्यासाठी थांबलोय.

मुरमाड (धागाकर्ता) · मार्च

पुढच्या वर्षीसाठी म्हशीला आत घ्या, आबा म्हणाले. नको म्हटलं. दोन दिवस फोन उचलला नाही. तिसऱ्या दिवशी स्वतःच केला, कालवड व्यायली म्हणून. गोऱ्हा आहे. रविवारी खरवसाला बोलावलंय.